हेडऑफिसची पैज

आमच्या घरात टोपणनावं ठेवण्याचा मक्ता बाबांकडे आहे. शेजारच्या काकूंना त्यांनी 'सायरन' केलं, मला 'उशीर' केलं आणि स्वतःच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, 'हेडऑफिस'. पहिली दोन नावं घरापुरती राहिली. तिसरं मात्र असं चिकटलं की आता इस्त्रीवालासुद्धा दारातून "हेडऑफिस आहेत का?" असं विचारतो. आत्याला त्याचा राग येत नाही. तिला ती बढती वाटते.

खोटं काहीच नाही त्यात. बाबा बस डेपोत वेळापत्रकं लावतात. अख्ख्या शहराच्या गाड्या कधी सुटायच्या ते हा माणूस ठरवतो, पण त्याने स्वतः घरातून कधी सुटायचं ते आत्या ठरवते. स्वयंपाक तिचा, औषधं तिची, गळका नळ तिचा, घरमालकाशी भांडण तिचं. आणि बटणं तर फक्त तिचीच. तिने लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघत नाही. ती ते कापडाला चिकटवून शिवत नाही. जरासं उचलून शिवते, मग मधल्या दोऱ्याला खालून घट्ट वेढे देते आणि गाठ उलट्या बाजूला नेऊन लपवते. लहानपणी मी बटणांचा डबा मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसायचे. सुई मागितली की म्हणायची, "टोचेल. तू डबा धर." कॉलेजात गेले तरी मी डबाच धरत होते.

आई गेली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. आत्या 'चार दिवसांसाठी' म्हणून एक तपकिरी बॅग घेऊन आली. ती बॅग अजून कपाटावर आहे. "ताई, झाले का गं चार दिवस?" असं बाबा अधूनमधून विचारतात आणि ती म्हणते, "तुला मोजता येतं कुठं?" तिने लग्न केलं नाही. का, ते मी एकदा विचारलं होतं. "वेळ झाला नाही," म्हणाली, आणि दूध उतू चाललंय म्हणून उठून गेली. त्या दिवशी दूध आणलेलंच नव्हतं.

हे सगळं सांभाळून ती नोकरी करते, आणि तिची नोकरी आम्हाला पाहुण्यांना समजावून सांगावी लागते. एका संशोधन संस्थेत ती चेतापेशी वाढवते, म्हणजे मेंदूतल्या पेशी. उंदरांच्या पोटातल्या पिल्लांपासून काढलेल्या पेशी तिच्या हाती येतात. ती त्या छोट्या डिशमध्ये गुलाबी पोषणद्रवात पेरते आणि अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवते. पहिल्या दिवशी त्या गोल आणि जरा बावळट दिसतात. मग एकेक फांदी फुटते, ती लांबते, तिला आणखी फांद्या फुटतात आणि काही आठवड्यांत शेजारणींच्या फांद्यांना जाऊन भिडतात. हवेतला एखादा जंतू पडला की डिश गेली. म्हणून डिश उघडताना आत्या काचेच्या झडपेमागे हात घालून बसते आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. जगात आत्या गप्प बसते अशी तेवढी एकच जागा आहे, आणि मरण्याआधी ती जागा एकदा बघायची बाबांची इच्छा आहे.

त्या पेशींचा एक नियम आहे, तो तिच्या अंगात भिनलाय. पोषणद्रव दर आठवड्याला बदलायचा, पण सगळा नाही, अर्धाच. जुन्या द्रवात पेशींनी स्वतः काय काय सोडलेलं असतं, त्याच्या आधाराने त्या तगतात. सगळाच ताजा द्रव घातला तर त्या फांद्या आखडून घेतात आणि जातात. एकदा आत्या रजेवर असताना कुणीतरी उत्साहाच्या भरात सगळंच बदललं होतं. त्या डिशबद्दल ती अजून आवाज खाली आणून बोलते. घरीही तिचा हाच कायदा. आमच्या बैठकीच्या खोलीत एका खिडकीला निळा पडदा आहे, दुसरीला पिवळा. निळा विटला की तो जाईल, पिवळा राहील. पाहुण्यांना आम्ही ही नवी फॅशन आहे असं सांगतो.

मी कानाची यंत्रं बसवण्याचं शिक्षण घ्यायला शेजारच्या शहरात राहिले तेव्हा हेडऑफिसने आपला पसारा तिकडे वाढवला. बाबांच्या डेपोची गाडी त्या शहरात जायची. आत्या दर आठवड्याला एका ड्रायव्हरकाकांच्या हाती पिशवी द्यायची. तिच्यात बरणीभर सूप, धुऊन इस्त्री केलेले कपडे, खोकल्याचं औषध आणि एकदा तर सोललेला लसूण. मला लसूण सोलता येत नाही अशी तिची समजूत होती, आणि ती दूर करण्याची संधी तिने मला कधी दिलीच नव्हती. एकदा बरणीचं झाकण सैल राहिलं आणि सूप ड्रायव्हरकाकांच्या सीटवर सांडलं. आत्याने त्यांना नवं गादीचं कव्हर शिवून पाठवलं. ते इतकं छान झालं की नंतर काकाच विचारायला लागले, "आज सूप नाही का पाठवायचं?"

शिक्षण संपलं, मी घरी आले, आणि मग मला नोकरीचं बोलावणं आलं. कान तपासणाऱ्या एका चांगल्या दवाखान्यात, पण लांब. आमच्या डेपोची एकही गाडी तिथं जात नाही.

आत्याने आधी नकाशा बघितला. मग बाबांना विचारलं, "गाडी सुरू करता येणार नाही का रे तिकडे?"

"ताई, एका सुपाच्या बरणीसाठी?"

"मग हिनं तिथं खायचं काय? तिथं कोण आहे हिचं?"

"मी करीन की काहीतरी," मी म्हटलं.

"तू?" ती म्हणाली. त्या एका अक्षरात माझं अख्खं शिक्षण, वय आणि अक्कल बसली.

मला खूप राग आला. खरं तर मी सरळ होकार कळवून निघून जाऊ शकले असते. बाबा माझ्या बाजूने होते. पण ज्या बाईने चार दिवसांसाठी येऊन आपलं सगळं आयुष्य आमच्या स्वयंपाकघरात घालवलं, ती पाठ फिरवून भांडी घासत असताना घरातून पाय काढणं मला जमणार नव्हतं. तिने स्वतः "जा" म्हणायला हवं होतं. आणि तो शब्द हेडऑफिसच्या शब्दकोशात नव्हताच.

त्याच दिवसांत तिच्या प्रयोगशाळेत एक प्रश्न चालला होता. तिथल्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. उंच, हळू बोलणाऱ्या, आणि चष्मा डोक्यावर ठेवून तो सगळीकडे शोधणाऱ्या. त्यांचा प्रश्न काय होता ते आत्याने आम्हाला जेवायच्या टेबलावर एक बटाटा ठेवून समजावलं. बटाटा म्हणजे पेशीचं धड. त्यातून चहूकडे दोरे सोडले, त्या फांद्या.

"पेशीला रोज प्रथिनं लागतात. ती बनवायची यंत्रं असतात, आणि त्या यंत्रांना कामाला लावणारे काही घटक असतात. ते घटक नसले तर यंत्र नुसतं उभं. आता हे घटक असतात कुठं?"

"बटाट्यात," बाबा म्हणाले.

"बरोब्बर! मीही तेच म्हणते. माल मध्ये बनतो आणि फांद्यांना पोचवला जातो. पण बाई म्हणतात, फांद्यांमध्येसुद्धा आहेत. पार टोकाला, जिथं दुसरीची फांदी भेटते, तिथंच जागेवर माल बनतो. त्यांनी ते घटक लाल रंगाने चमकवून बघितले. दिसतात खरे, ठिपके ठिपके."

"मग झालं की," मी म्हटलं.

"काय झालं? माझ्या पलंगाखाली टाइपरायटर आहे. म्हणून मी पलंगाखाली टाइप करते का? असणं वेगळं आणि काम करणं वेगळं. मी बाईंना तसं सांगितलं."

"मग बाई काय म्हणाल्या?"

आत्याने बटाटा उचलला आणि ती जरा नाखुशीने म्हणाली, "म्हणाल्या, ताई, अगदी बरोबर. म्हणूनच आता मधलं धड काढून टाकायचं आणि फांद्या एकट्या काय करतात ते बघायचं."

युक्ती अशी होती. बारीक भोकं असलेल्या एका पातळ पडद्यावर पेशी वाढवायच्या. धड जाडं असतं, ते वरच राहतं. फांद्या बारीक, त्या भोकांतून खाली उतरतात. मग वरची बाजू ओल्या कापसाच्या काडीने खरडून टाकायची. खाली उरतात त्या नुसत्या फांद्या, मालकाविना. त्या फार काळ जगत नाहीत, पण तेवढ्यात त्यांना खूण केलेला कच्चा माल द्यायचा. त्यापासून नवं प्रथिन बनलं, तर ते हिरवं चमकतं. नाही बनलं तर अंधार.

"काहीही होणार नाही बघ," आत्या म्हणाली. "धड काढल्यावर फांदी काय करणार? बसेल वाट बघत."

"आणि केलं तर?"

"नाही करणार."

"पण केलं तर?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि बटाट्याबद्दल बोलत नव्हतो हे बाबांनाही कळलं. त्यांनी हळूच आपलं ताट उचललं.

"एक जरी हिरवा ठिपका दिसला ना," आत्या म्हणाली, "तर तुझी बॅग मी स्वतः भरीन, आणि मागून सुपाचा थेंबसुद्धा पाठवणार नाही. आणि नाही दिसला तर तू त्या दवाखान्याला नाही म्हणून कळवायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आयुष्य आणि नोकरी मी उंदराच्या पेशींवर लावली होती. बाबा स्वयंपाकघरातून ओरडले, "दोघी एकाच माळेचे मणी आहात!"

पेशी वाढायला आठवडे लागले. दवाखान्याने उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. आत्या रोज डिश बघून यायची आणि मी रोज विचारायचे, "कशा आहेत?" "उत्तम," ती म्हणायची, तेही अभिमानाने. ज्या पेशी तिला हरवणार होत्या त्यांना ती अर्धा अर्धा द्रव देऊन डोळ्यांत तेल घालून वाढवत होती. कसर ठेवणं तिच्या स्वभावातच नाही.

पहिल्यांदा खरडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती थेट कांदे चिरायला बसली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"हिरवं दिसलं."

मी खुर्चीवरून उठलेच.

"बस खाली. निळंही दिसलं." मग तिने सांगितलं, की खरडून झाल्यावर एक निळा रंग घालतात. तो फक्त धडातल्या केंद्रकाला लागतो, आणि केंद्रक फांदीत नसतं. म्हणजे निळा ठिपका दिसला की समजायचं, वर एखादं धड उरलंय. मग हिरवं कुणी केलं, फांदीने की उरलेल्या धडाने, हे सांगता येत नाही. डिश बाद.

"किती निळं होतं?" मी विचारलं.

"बरंच."

बाबा तिच्याकडे बघत होते. ते चेष्टा करतात, पण बहिणीला ओळखतात. "ताई, हात हलका पडला का गं?"

आत्याने सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता बाबांची काही खैर नाही. पण ती म्हणाली, "मुद्दाम नाही केलं मी."

"मी कुठं म्हटलं?"

"काडी टेकवली आणि हात दाबेचना. कालपर्यंत ज्यांना जपलं त्यांना... आणि मनात ही." तिने माझ्याकडे न बघता हनुवटीने माझी दिशा दाखवली. "इतक्या वर्षांत माझ्या हातचं काम बाद झालं नव्हतं." कांद्यामुळे डोळे पुसायची तिला सोय होती. ती तिने पुरेपूर वापरली.

मला पैज सोडून द्यावीशी वाटली. म्हटलंही, "आत्या, राहू दे. मी कळवते त्यांना नाही म्हणून."

त्यावर ती जी भडकली! "का? मला काय भीक घालतेस? अजून डिश आहेत. परवा पुन्हा खरडणार आहोत. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला देऊ का? मी म्हटलं, माझ्या पेशी, माझाच हात. तूही ये बघायला. नंतर म्हणायला नको, आत्याने लबाडी केली."

म्हणून मी गेले. बाईंनी मला पांढरा कोट दिला, तो गुडघ्यांच्या खाली येत होता. आत्याने हातांवर स्पिरिट फवारलं, स्टुलावर बसली, झडपेमागे हात घातले आणि गप्प झाली. बाबांचं स्वप्न मी त्यांच्या आधी बघितलं.

तिने काडी भिजवली. पडद्यावर टेकवली. आणि दाबली. तिचं कोपर मला दिसत होतं. ते पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे. घरी कढईच्या बुडाला लागलेलं काढते तसं, कडेकडेने, कोपरा न सोडता. काडी टाकली, नवी घेतली. धुतलं. पुन्हा खरडलं. मला वाटलं झालं असेल, तर तिने डिश उजेडाकडे तिरपी धरली, बघितली, आणि आणखी एक काडी घेतली. तिला फक्त थोडं आधी थांबायचं होतं. कुणी काही म्हणालं नसतं. एखादा निळा ठिपका राहिला असता, मुदत टळली असती आणि मी घरी राहिले असते. ती थांबली नाही. मास्कच्या वर तिचे डोळे कोरडे होते आणि मला मात्र बाईंनी मागून रुमाल दिला.

रंग बसायला वेळ लागतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी होता. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत दिवा बंद करून आम्ही तिघी संगणकाच्या पडद्यासमोर बसलो. बाईंनी आधी निळं लावलं.

काळं.

"सरकवा," आत्या म्हणाली.

बाईंनी सरकवलं. काळं.

"द्या माझ्याकडे." तिने चाक स्वतःच्या हातात घेतलं आणि डिशच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत निळं शोधलं. ते सापडलं असतं तर ती वाचली असती. पण त्या घडीला ती तसं शोधत नव्हती. आपल्या कामात खोट राहिलीय का, तेवढंच बघत होती. खोट नव्हती. तिने समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "हं. आता हिरवं लावा."

बाईंनी कळ फिरवली.

आधी मला काहीच कळलं नाही. मग दिसायला लागलं. बारीक, वाकड्यातिकड्या रेषा, आणि त्यांच्यावर दोऱ्याला मोहरी चिकटावी तसे हिरवे ठिपके. इथे, तिथे, पार टोकापर्यंत. शेजारच्या डिशमध्ये प्रथिन बनणं थांबवणारं औषध घातलं होतं. तीही बाईंनी दाखवली. तिथं अंधार. पुन्हा आमची डिश लावली. पुन्हा हिरवं.

"केलं की गं त्यांनी!" आत्या ओरडली. तिने माझा दंड धरून गदागदा हलवला. "धड नाही, काही नाही, आणि केलं! बाई, बघा तर, किती नीट केलंय! शाबास गं माझ्या पोरींनो!"

आणि मग तिला पैज आठवली. माझ्या दंडावरची तिची पकड सैल झाली. ती पडद्याकडेच बघत राहिली आणि बराच वेळ बोलली नाही. झडपेमागे नसताना ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. जिंकल्याचा आनंद मला एक क्षणही झाला नाही.

बाईंना आमच्या पैजेचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी लाल रंग लावला आणि त्या आपल्या हळू आवाजात दाखवायला लागल्या. ते घटक, यंत्रांना कामाला लावणारे. लाल ठिपके हिरव्यांच्या अगदी लगत बसले होते. "हे बघा, ताई. तुमचा टाइपरायटर. आहे तिथंच चालतोय."

आत्या पडद्याजवळ सरकली. "एक विचारू का, बाई? हे लाल तिथं आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? मधूनच, बहुतेक. धडात बनतात आणि फांदीतून तिकडे नेले जातात."

"पण धड तर मी खरडलं."

"खरडलं ते काल. हे त्याच्या आधीच पोचलेलं असतं. फांदी वाढत असते तेव्हापासून जात असतं थोडं थोडं. एकदा तिथं जाऊन बसलं की मग लागेल तेव्हा लागेल ते जागच्या जागी करता येतं. दर वेळी मध्ये विचारायला नको."

आत्याने हे ऐकलं, आणि अंधारातही मला दिसलं की तिची पाठ हळूहळू ताठ होतेय. "म्हणजे," ती म्हणाली, "मधल्याने आधीच सगळं पाठवून ठेवलेलं होतं."

"हो, असं म्हणता येईल."

"ऐकलंस का?" ती माझ्याकडे वळली. "ऐकलंस?"

घरी येईपर्यंत ती पूर्ववत झाली होती. दारातूनच तिने बाबांना सांगितलं, "मी पैज हरले. पण पूर्ण नाही."

"म्हणजे?"

"अर्धी."

बाबा म्हणाले की पैजेत तसा नियम नसतो. आत्या म्हणाली की तिच्याकडे सगळ्यात तोच नियम असतो. मग तिने खुर्चीवर चढून कपाटावरची तपकिरी बॅग काढली, धूळ झटकली आणि माझ्यासमोर ठेवली. "चार दिवस झाले एकदाचे," ती म्हणाली.

बॅग तिनेच भरली, शब्दाप्रमाणे. मी नवी चादर, नवी भांडी, नवे टॉवेल आणले होते. तिने त्यातलं अर्धं बाहेर काढून ठेवलं आणि त्याजागी घरातलं जुनं घातलं. विटकी पांघरायची चादर, एका बाजूला पोचा आलेलं पातेलं, आणि खिडकीचा निळा पडदा.

"आत्या, पडदा कशाला?"

"सगळं नवं घातलं की जगत नाहीत," ती म्हणाली आणि चेन ओढली. रेल्वेगाडी सुटताना तिने "जा" म्हटलं. खिडकीतून, मोठ्यांदा, दोनदा. आणि मग मी हात हलवतेय तोवर ती बाबांवर ओरडत होती की मफलर नीट गुंडाळ.

नव्या गावात माझी एक खोली होती, एक खिडकी, एक गॅसची शेगडी. दिवसभर लोकांच्या कानात यंत्रं बसवायची आणि त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला की त्यांचा चेहरा बघायचा. छान काम होतं. संध्याकाळी पोचा आलेल्या पातेल्यात काहीतरी शिजवायचं. पहिलं सूप मीठ विसरून केलं. दुसऱ्यात मीठ दोनदा पडलं. पुढचं जमलं. आत्याने शब्द पाळला. पिशवी नाही, बरणी नाही, लसणाची पाकळी नाही. फोन केला तर हवापाण्याचं बोलायची आणि ठेवायची. इतका शब्द पाळायचं काय अडलं होतं, असं वाटून मला तिचा पुन्हा राग यायला लागला.

थंडी पडली आणि एक दिवस कोटाचं मधलं बटण तुटून हातात आलं. संध्याकाळी खोलीवर येऊन मी दुकानातून आणलेला सुईदोरा काढला. आयुष्यात बटण लावलं नव्हतं, पण म्हटलं, लटकलं तरी चालेल. दोरा ओवला, बटण ठेवलं, शिवायला लागले. मनात दवाखान्यातले एक म्हातारे पेशंट होते, त्यांचं यंत्र सारखं शिट्टी मारत होतं, त्याचा विचार करत होते. विचार संपला तेव्हा हातातलं कामही संपलं होतं. मी बटणाकडे बघितलं. ते कापडाला चिकटलेलं नव्हतं. जरासं उचललेलं होतं. मधल्या दोऱ्याला खालून घट्ट वेढे होते. गाठ कुठंच दिसत नव्हती. मी कोट उलटा करून बघितला तेव्हा ती सापडली.

मी तशीच फोनकडे गेले.

"आत्या, बटणाला खालून वेढे द्यायचे, हे मला तू कधी शिकवलंस गं?"

"मी?" ती म्हणाली. मागे बाबांचा रेडिओ चालू होता. "मी कशाला शिकवीन? तुला सुई कुठं दिली होती मी कधी?"

"मग मला येतं कसं?"

तिने बाबांना रेडिओ बारीक करायला लावला.

"तू नुसती शेजारी बसायचीस," ती म्हणाली. मग लगेच तिने विचारलं, "घट्ट लागलंय का?"

मी बटण ओढून बघितलं. "घट्ट लागलंय."

"मग झालं तर. ठेव आता, माझं दूध उतू चाललंय."